स्नेअर चौदा

बँड चालवणाऱ्या प्रणिताअक्काचा मेसेज आला तेव्हा मी होसकोट्याला अप्पांच्या पाइपच्या दुकानामागं, गोडाऊनमध्ये, ड्रमसेटची धूळ पुसत होते. ड्रम आवडले, उद्या ट्रायलला ये, एवढं वाचून उडी मारणार होते. खाली आणखी एक ओळ होती. ती स्नेअर घेऊन ये, तसला आवाज इथं कुणाकडं ऐकला नाही.

मी माझ्या स्नेअरकडं बघितलं. सेटमधला हा मधला, चपटा ड्रम, सगळ्यात जास्त मार खाणारा. जुन्या बाजारातनं आणलेला. एका बाजूचा स्क्रू गेलाय, तिथं अप्पांनी पाइपचा क्लॅम्प लावून दिलाय. एक ठोका मारला. गोडाऊनचे पत्रे थरथरले. परत मारला. डबा तो डबाच.

पण पद्माकर अण्णानं मिक्स करून पाठवलेल्या फाइलीत हीच स्नेअर देवळाच्या पायरीवर नारळ फुटावा तशी वाजत होती. मला वाटलं होतं माइक भारी असतील. अक्काला पाठवली ती हीच फाइल, मी कितीदा ऐकली असेल. झोपताना ऐकायचे. मीच एवढं छान वाजवते म्हणून गंमत वाटायची.

ट्रायल म्हणजे खेळ नव्हता. शाळा सोडली तेव्हा अप्पा ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, बघ वाजवून. आता म्हणतात, या बँडनं घेतलं तर घेतलं, नाहीतर काउंटरवर बस. काउंटरवर बसून एल्बो आणि टी-जॉइंट मोजायचं माझ्याच्यानं व्हायचं नाही.

बस धरली आणि शहरात महादेवपुऱ्याला उतरले. पद्माकर अण्णा मूळचा पुण्याचा, आता महादेवपुऱ्याच्या आयटी पार्कात कामाला, सुट्टीच्या दिवशी घरी लोकांची गाणी मिक्स करतो. माझ्या मराठीला हसतो. दार उघडल्याउघडल्या मी विचारलं, माझ्या स्नेअरला काय केलंस. तो म्हणाला चहा घे. मी म्हटलं चहा राहू दे.

मग त्यानं स्क्रीनवर दाखवलं. एक रेघ माझी, खालची दुसऱ्याची. जिथं जिथं मी ठोका मारला, तिथं तिथं सॉफ्टवेअरनं माझा आवाज काढून एक तयार ठोका ठेवला होता. सगळीकडं तोच.

"हा कुणाचा?"

"स्नेअर चौदा."

"चौदा काय? कोण मारला ते विचारते."

"फाइल आहे गं. पाच वर्षांपूर्वी आवाजांच्या एका पॅकमध्ये आली. कुणी मारला ते मला काय माहीत?"

मला राग आला, पण कुणावर काढायचा ते कळेना. तो म्हणत होता, सगळेच करतात, तुझ्या गोडाऊनात पत्रे किती वाजत होते, साफ करायला नको? टायमिंग तुझंच आहे, एक ठोका इकडचा तिकडं केलेला नाही. त्याचं खरं होतं. ठोका पडतोय माझ्या वेळेला, वाजतोय भलताच. मग अक्काला आवडलं ते काय? मी की चौदा नंबर?

त्याला म्हटलं, नुसते ड्रम लाव. डोळे मिटून ऐकलं. मोठे ठोके सगळे होते. मधलं काहीतरी नव्हतं. परत लावायला सांगितलं. डाव्या हाताची बारीक टकटक, मोठ्या ठोक्यांच्या मधे कुजबुज केल्यासारखी, ती गायब. वर्षभर घासून बसवली होती ती.

"ते होय? झांजेचा आवाज स्नेअरच्या माइकात गळतोय असं वाटलं सॉफ्टवेअरला. उडवलं असणार," म्हणाला.

"आणि तुला काय वाटलं?"

"मी नीट ऐकलं नाही," म्हणाला. सरळ सांगितलं म्हणून त्याच्यावरही धड चिडता येईना.

त्यानं माझा मूळ आवाज खाली मिसळला आणि माउस माझ्या हातात दिला. किती पाहिजे तू ठरव. वर केलं की मी, पत्र्यांसकट. खाली केलं की नारळ. स्वल्प वर, स्वल्प खाली. कुठं थांबलं की ती मी, तेच समजेना. थोड्या वेळानं दोन्ही सारखंच वाजायला लागलं. माउस सोडला.

अण्णाकडं उपाय तयार होता. उद्या त्याचा लॅपटॉप न्यायचा, स्नेअरवर एक छोटं सेन्सर लावायचं, मी मारणार आणि स्पीकरमधनं चौदा वाजणार. कुणाला कळणार नाही म्हणाला. मी हो म्हणत होते. खरंच म्हणत होते. पण सेन्सरला डावा हात ऐकू येईल का विचारलं, तर म्हणाला, एवढं बारीक त्याला नाही कळायचं.

मी कच्ची फाइल मागून घेतली आणि अक्काला पाठवली. लिहिलं, ही माझी स्नेअर, आधीचा आवाज कॉम्प्युटरमधला होता. वेडी आहेस काय, निदान ट्रायल होईपर्यंत थांबायचंस, अण्णा म्हणाला. तोवर गेलं होतं.

अण्णानं चहा केला, मी प्याले. मग फोन आला.

"शिवानी, हे पत्रे कसले?"

"गोडाऊनचे."

"आणि ते बारीक काय वाजतंय मधेमधे?"

"डावा हात."

"पहिल्या फाइलीत नव्हतं."

"काढलं होतं."

अक्का म्हणाली, "सरी, ठीक आहे. तुझीच स्नेअर घेऊन ये, तो हात बघायचाय मला. पण रेकॉर्डिंग करू तेव्हा आवाज मात्र पहिलाच पाहिजे, हां. हा डबा वाटतो."

फोन ठेवला. अण्णा हसत होता. मला हसू की काय करू कळेना. बघायला मी, ऐकायला चौदा. मी त्याला म्हटलं, तो चौदा परत वाजव. वाजवला. नारळ फुटला. आता हळू मारलेला लाव.

"हळूचा नाहीये. एकच ठोका आहे त्यात, जोरातला."

"एवढ्या पॅकमध्ये हळू मारलेला एक नाही?"

"नाही."

मग तेवढं माझंच ठेवायला लागेल तुला, म्हटलं. बघू, म्हणाला. बघू काय, ठेवायचं, म्हटलं आणि चपला घातल्या. होसकोट्याची बस उभी होती. स्नेअर काढायची होती, क्लॅम्प आवळायचा होता, आणि अप्पा विचारणार होते, बँडनं बोलावलं का. मला बोलावलंय की चौदाला, काय सांगायचं ते बस सुटली तरी ठरलं नव्हतं.