पान दोनशे सोळावरची रमा

मी एक कुलवृत्तांत आहे, आणि मी खोटा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचा गैरसमज व्हायचा नाही.

कुलवृत्तांत म्हणजे एका घराण्याच्या साऱ्या पिढ्यांची नोंद. मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, कोण कुठे स्थायिक झाला. घराण्यातल्या चार निवृत्त गृहस्थांनी सहा वर्षं गावोगाव पत्रं धाडून मला जमवलं आणि १९३८ साली पुण्यात छापून घेतलं. कापडी बांधणी, चारशे बारा पानं. कुणाबद्दल काय लिहायचं ते त्यांनी ठरवलं. कागदाला कुणी विचारत नाही.

पुढे विनयच्या सुटकेसमधून मी अमेरिकेत आलो. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला, त्याच्या घरी, टीव्हीशेजारच्या फळीवर वीसेक वर्षं उभा होतो. पाहुणे आले की विनय मला काढायचा, स्वतःचं पान दाखवायचा आणि परत ठेवायचा. त्याची बायको शोभना दिवाळीला माझी धूळ पुसायची. तेवढंच.

मला वाचलं ते त्यांच्या मुलीनं, सावनीनं. २००१ चा हिवाळा होता, ती सतरा वर्षांची. जेवताना बापाला उलटून बोलली, तर विनय हसून म्हणाला, "ही विलायतेला जाणार, रमाकाकूसारखी!"

घराण्यातल्या प्रत्येक तोंडाळ मुलीला हा टोमणा ऐकावा लागला आहे. सावनी मात्र उठली आणि तिनं मला फळीवरून काढलं. पान दोनशे सोळा. तिला मराठी अक्षरं लावत लावत वाचावी लागायची. "पत्नी रमा. लग्नानंतर लवकरच निवर्तली."

"बाबा, इथे तर ती लगेच मेली. देन हू वेंट टू इंग्लंड?"

"अगं, म्हणायची पद्धत आहे ती."

पद्धत नव्हती. माझ्या शेवटच्या पानांत एक रिकामं पाकीट कुणीतरी दडवून ठेवलं होतं. आत पत्र नव्हतं. वर राणीचं तिकीट, सॉल्टकोम्ब या इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या गावाचा शिक्का, साल पुसलेलं. मागे पाठवणाऱ्याचा पत्ता : ९, मरीन टेरेस. ते सावनीला सापडलं. नवरा गेल्यावर रमा एका गोऱ्या कुटुंबाची मुलं सांभाळायला त्यांच्याबरोबर बोटीनं गेली, एवढं विनयच्या आत्यानं फोनवर कबूल केलं आणि विषय बदलला.

सावनीचं म्हणणं साधं होतं. रमा तिथे गेली तर तिथेच मेली असणार, आणि तिथे मेली तर तिथल्या चर्चच्या रजिस्टरात असणार. त्या रजिस्टरांच्या पानांचे बारीक फोटो असलेल्या फिल्म मागवता येतात हे तिनं शोधून काढलं. गावातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत फिल्म बघायचं यंत्र होतं. मागणी केली की दोन-तीन महिन्यांनी एक फिल्म यायची, काही आठवडे राहायची आणि परत जायची. शाई फिकी असेल तर यंत्राच्या पांढऱ्या पाट्यावर गुलाबी कागद ठेवायचा, अक्षर उठून दिसतं. मी तिच्या पिशवीतून जायचो, तिच्या कोपराशी पडून असायचो.

शोभना गाडीनं सोडायला यायची आणि कुरकुरायची. "कॉलेजसाठीची सॅटची परीक्षा डोक्यावर आलीय आणि मेलेल्या माणसांना काय शोधत बसतेस?"

"माणसांना नाही, आई. एकीलाच."

सॉल्टकोम्बमधल्या कुणा हौशी माणसानं मयतांच्या नावांची अक्षरवार यादी केली होती, ती प्रत्येक फिल्मच्या सुरुवातीला असायची. सावनी यादीत रमा शोधायची. नाही मिळाली की फिल्म परत. दोन वर्षं तिनं हेच केलं. मी जे नाव दिलं होतं तेच ती शोधत होती.

फेब्रुवारी २००४ मध्ये पुढची फिल्म आली. सावनी तेव्हा कॉलेजात होती. शनिवारी सकाळी ती फिल्म बघायला म्हणून गाडीनं निघाली. रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता. एकोणीस वर्षांची होती.

मी तिच्या पिशवीत होतो. मला काही झालं नाही. पोलिसांनी मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत दिलं. माझी बांधणी मजबूत आहे असं माझ्या प्रस्तावनेत लिहिलेलंच आहे.

तीन आठवड्यांनी वाचनालयातून फोन आला, फिल्म परत पाठवायची का? शोभना म्हणाली, "नको. मी येते."

तिला यंत्र लावता येत नव्हतं. शिकली. पहिल्या दिवशी यादीपाशी थांबली, 'आर' अक्षराच्या नावांवरून बोट फिरवलं आणि ते मागे घेतलं. नंतर तिनं यादी ओलांडली आणि पहिल्या नोंदीपासून एकेक ओळ वाचायला घेतली. ती फिल्म संपल्यावर आधीच्या सगळ्या पुन्हा मागवल्या.

का, ते विनयनं विचारलं तेव्हा मला कळलं.

"रमा हे सासरचं नाव," ती म्हणाली. "तिथे सासर कुठे होतं? तिनं आपलं नाव सांगितलं असेल."

"मग सावनीला का नाही सांगितलंस?"

"तिला ठाऊकच नव्हतं नाव बदलतात ते. तुम्ही ताटातल्या तांदळांत अंगठीनं शोभना लिहिलंत, त्याच्या आधी मी कुमुद होते. वीस वर्षांत तिला हे सांगावंसं मला वाटलं नाही. तुम्हालाही नाही."

टीव्ही चालू होता, तो विनयनं बंद केला.

सव्वा वर्षानं नोंद सापडली. सावनीनं परत केलेल्या फिल्ममधल्या दुसऱ्या क्रमांकाच्याच फिल्मवर होती. चार ओळी, गुलाबी कागदावर. नाव : द्वारका, मुंबई इलाख्यातली. राहणार : ९, मरीन टेरेस. दफन : ११ मार्च १९००. वय : चाळीस. म्हणजे मी तिला मारून टाकल्यावरही ती कितीतरी वर्षं जगली. एका परक्या कारकुनानं तिला विचारलं, तुझं नाव काय, आणि तिनं सांगितलं ते लिहून ठेवलं. माझ्या चार विद्वानांना एवढं जमलं नव्हतं.

तेव्हा माझी नवी आवृत्ती निघायची होती. घराण्याच्या मंडळाचे अध्यक्ष उल्हासकाका जवळच एडिसनला मुलाकडे आले होते. शोभनानं त्यांना घरी बोलावलं, नोंदीची प्रत पुढे ठेवली, माहितीचा फॉर्मही भरून दिला. काकांनी चष्मा लावला.

"वहिनी, कष्ट केलेत, मानलं पाहिजे. पण चर्चच्या आवारात पुरलेली बाई कुळात कशी घालायची? लोक नाही नाही ते विचारतील."

"विचारू देत. फॉर्म बघा."

"हां. हा रकाना... मुलगी अविवाहित गेली असेल तर नाव देत नाही, वहिनी. नियम आहे, मी नाही केला." मग आवाज उतरवून म्हणाले, "चहात आलं छान घातलंय."

शोभनानं प्रत उचलली आणि आत गेली. विनय काकांना दारापर्यंत पोचवायला उठला नाही.

२००८ साली नवी आवृत्ती आली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. रमा अजून लवकरच निवर्तलेली आहे. विनयच्या पानावर आहे : 'पत्नी शोभना. अपत्य नाही.' तो ग्रंथ आता टीव्हीशेजारी माझ्या जागी उभा आहे. त्याच्यावर धूळ आहे.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. काल शोभनानं मला उघडलं. माझ्या शेवटी एक कोरं पान आहे, 'पुढील पिढ्यांसाठी' असं वर छापलेलं. सत्तर वर्षांत त्यावर कुणी काही लिहिलं नव्हतं. तिनं पट्टी घेऊन त्या रजिस्टरासारखे रकाने आखले.

द्वारका. मरीन टेरेस, सॉल्टकोम्ब. ११ मार्च १९००. वय चाळीस.

सावनी. वेस्ट विंडसर. २१ फेब्रुवारी २००४. वय एकोणीस.

तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा असेल. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्यातल्या बायकांची नावं घरातल्या बायकांना विचारा, आणि त्या सांगू शकतात तोवर विचारा.

चर्चच्या रजिस्टरात शेवटचा रकाना असतो, नोंद करणाऱ्याच्या सहीचा. तिथे तिनं पेन टेकवलं आणि सवयीनं 'शो' लिहिलं. ते खोडलं. मग सावकाश, शाळेतल्या मुलीसारख्या गोल अक्षरात, सही केली.

कुमुद.