दर्बेहून घरी जायची वाट

दर्बेपाशी आल्यावर मामांनी मशीनवरचा पाय थांबवला, हाताने चाक अर्धं फिरवून सुई वर घेतली आणि कापड वळवलं. समोर खाकी कॅन्व्हासचा मोठा तुकडा पसरला होता. त्यावर खडूने समुद्र काढलेला, समुद्रात एक बेट, वर डोंगरांची रांग आणि गावांचे ठिपके. तांबड्या दोऱ्याची शिलाई बेटावरून किनाऱ्याला लागून, डोंगर चढून, एकेक गाव घेत दर्बेपर्यंत आली होती. मामांनी पुन्हा पाय दिला. शिलाई दर्बेहून झरझर डोंगर उतरली, तार्स ओलांडून जिथून निघाली होती त्या गावाला जाऊन भिडली. मामांनी दोरा तोडला.

"झाला पहिला प्रवास," ते म्हणाले. "पौल सुखरूप घरी."

मामी खाली बसून दुसऱ्या एका छताच्या कडेला पितळी कड्या ठोकत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मामांना सख्खा भाचा एकही नव्हता. चाळीस वर्षं तंबू, छतं आणि कनाती शिवल्यामुळे सगळा गाव त्यांना तंबूमामा म्हणत असे, आणि त्याच नात्याने त्यांची बायको सगळ्यांची मामी झाली होती. बायबलातला तो जुना प्रेषित, पौल, पोटासाठी तंबू शिवत असे, हे लहानपणी कळल्या दिवसापासून मामा त्याच्याविषयी थोरल्या चुलतभावाविषयी बोलावं तसे बोलत. देवळातल्या मोठ्यांच्या वर्गाला ते रविवारी धडा देत, आणि पौलाचा धडा आला की त्यांच्या अंगात वारं शिरे. या महिन्यात पाळकसाहेबांनी धड्यांचा जो तक्ता सगळीकडे वाटला होता त्यात पौलाचे प्रवासच होते. तोंडी सांगून भागणार नाही, म्हणून मामांनी नकाशाच शिवायला घेतला होता.

"ऐक," मामा म्हणाले. "पहिली गोष्ट, कामाला एकट्याने निघू नये. त्याच्याबरोबर बर्णबा होता. दुसरी, लोकांनी हाकललं तर रडत बसू नये, पायांची धूळ झटकावी आणि पुढचं गाव गाठावं. आणि तिसरी, काम झालं की उगाच रेंगाळू नये. सरळ घर."

दुसऱ्या गोष्टीवर त्यांचा आवाज जरा चढला. ती त्यांची आवडती होती.

मामींनी हातोडी खाली ठेवली, उठल्या आणि नकाशावर वाकल्या. "ही शिलाई चुकलीय."

"माझी शिलाई?"

"शिलाई बरोबर आहे, वाट चुकलीय. तो असा घरी गेलाच नाही. दर्बेहून आल्या वाटेने परत फिरला."

"अगं, काहीतरी काय. तार्स म्हणजे त्याचं जन्मगाव. दर्बेहून डोंगर उतरला की दारात. ते सोडून एवढा वळसा कोण घालेल?"

"बायबल काढून बघा ना."

मामांनी चष्मा लावला आणि खात्रीने पान उघडलं. दोनदा वाचलं. मग बोट ठेवून तिसऱ्यांदा. दर्बेहून लुस्त्र, लुस्त्राहून इकुन्या, आणि तिथून थेट त्या गावी, जिथल्या वेशीवर त्याने धूळ झटकली होती. तीस वर्षं ते हा धडा देत होते आणि दरवेळी लुस्त्रात पौलाला दगड मारतात तिथे त्यांचा गळा भरून येई. त्यापुढच्या दोन ओळी त्यांनी कधी धड वाचल्याच नव्हत्या.

"लुस्त्रात तर त्याला मेला समजून गावाबाहेर ओढून टाकला होता," ते हळूच म्हणाले.

"हो. आणि तिथेच परत गेला. धूळ झटकली तिथेही गेला." मामी पुन्हा कड्यांकडे वळल्या. "माझ्याकडे काय बघता? मी नाही लिहिलेलं."

त्यांनी पुढची कडी ठोकली. मामी काय बोलल्या नाहीत ते मामांना स्पष्ट ऐकू येत होतं.

टेकडीखाली रंगाऱ्यांची वस्ती होती. सात वर्षांपूर्वी मामांनी तिथल्या एका शेडमध्ये आठ घरांची उपासना सुरू केली होती. पहिल्या वर्षी त्या लोकांनी मामांना डोक्यावर घेतलं. मामा टेकडीच्या पायऱ्या उतरताना दिसले की काम टाकून माणसं गोळा होत. मग दोन वर्षांपूर्वी एका रविवारी तिथल्या एका रंगारणीने त्यांना शेडच्या दारातच अडवलं आणि निळ्या रंगाची भरलेली बादली त्यांच्या अंगावर ओतली. मामा भर बाजारातून डोक्यापासून गुडघ्यापर्यंत निळे होऊन घरी आले. उजवा कान तर महिनाभर निळा होता. लोक हसले, मामाही चारचौघांत हसले आणि पुन्हा त्या पायऱ्यांवर त्यांनी पाय ठेवला नाही. कुणीतरी त्या गरीब माणसांचे कान भरले, असं ते सांगत. आपल्यावरही दगडमारच झाली, आपणही धूळ झटकली, असंही सांगत. पाळकसाहेब महिन्यातून एकदा खाली जाऊन येत, पण मामांसमोर तो विषय काढत नसत.

मामांनी ब्लेड घेतलं आणि दर्बेपासूनची शिलाई उसवायला बसले. दोरा निघाला, पण सुईची भोकं राहिली. कॅन्व्हासवर ती बुजत नाहीत. मग त्यांनी दर्बेपाशी सुई टेकवली आणि मघाच्या तांबड्या ओळीला लागून, बोटभरही न हटता, उलटी शिलाई मारत आणली. लुस्त्रापाशी पाय आपोआप सावकाश झाला. सगळं झाल्यावर त्यांनी सवयीने दोन्ही हातांनी कापड ओढून पाहिलं. गेलेली वाट आणि आलेली वाट मिळून दुहेरी शिवण झाली होती. ते गिऱ्हाइकाला रोज सांगत की पहिल्या शिलाईने कापड जोडलं जातं आणि दुसरीने ते वाऱ्यात टिकतं. हे इतक्या वेळा सांगितलं होतं की आता त्याचा त्यांनाच राग आला.

उद्या वर्गात काय सांगायचं ते आता त्यांना लख्ख कळलं होतं. आज दिवसाउजेडी कुठे जाऊन आल्याशिवाय ते तोंडातून निघणार नाही, हेही कळलं होतं.

"मी जरा जाऊन येतो," ते उठत म्हणाले. पिशवीत दाभण, मेण लावलेला दोरा आणि कात्री टाकली. "एका छताचं माप घ्यायचंय."

मामींनी कुणाचं म्हणून विचारलं नाही. त्या आत गेल्या आणि कपाटातून एक घडी केलेला शर्ट घेऊन आल्या. मूळचा पांढरा असावा. आता कॉलरपासून खालपर्यंत निळ्याचे ओघळ होते.

"हा घाला. अंगावरचा नवा आहे."

"तू टाकला नव्हतास?"

"सतरा वेळा धुतला. मग म्हटलं राहू दे, लागेल कधीतरी."

मामांना हसू आलं, आणि त्याच दमात डोळ्यांत पाणीही आलं. ते पाठमोरे होऊन बटणं लावत राहिले.

बासष्ट पायऱ्या होत्या. मामा दोन वर्षांपूर्वीपेक्षा सावकाश उतरले, पण थांबले नाहीत. खाली गटारातून अर्धं लाल, अर्धं हिरवं पाणी वाहत होतं. दोऱ्यांवर सुताच्या ओल्या लडी टांगल्या होत्या. एका दारातून म्हातारीने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि आत कुणाला तरी सांगितलं, "निळे मामा आले गं." मामांनी तिला नमस्कार केला. नाव काही खोटं नव्हतं.

रंगारीण शेडसमोरच्या हौदात लांब काठीने सूत ढवळत होती. हात कोपरापर्यंत निळे. पायाशी लोखंडी बादली, काठोकाठ भरलेली. तिने मामांना पाहिलं आणि काठी ढवळायची थांबली. मामा चालत चालत अगदी बादलीच्या टप्प्यात येऊन उभे राहिले.

"बादली भरलेली आहे," ती म्हणाली.

"दिसली. म्हणून तर जुना शर्ट घातला."

तिने शर्टाकडे नीट पाहिलं. मग जवळ येऊन कॉलरची कड दोन बोटांत धरली, उजेडाकडे केली. "धुतला का?"

"सतरा वेळा."

"तरी उतरला नाही." तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, ते तिला लपवता आलं नाही. "आमचा रंग पक्का असतो."

"ते गावाला माहीत झालंय," मामा म्हणाले. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली. पायऱ्या उतरताना जुळवलेली वाक्यं चांगली होती, पण आता त्यांतलं एकही आठवेना. "तुमचे कान कुणी भरले नव्हते. तुम्ही ऐकलंत ते मीच देवळाच्या बैठकीत म्हणालो होतो. खालची शेड बंद करू, माणसं वर आणू, तिथे जागा आहे, वास नाही. माझ्या तोंडचे शब्द आहेत."

"माहीत आहे. वास नाही, हेसुद्धा कळलं होतं."

"दोन वर्षं मी लोकांना उलटं सांगितलं."

"तेही कळत होतं." ती पुन्हा काठी फिरवू लागली. "आठ घरं होती तुमच्या वेळी. आता अकरा आहेत. सांगून ठेवते, म्हणजे आम्ही वाट बघत बसलो होतो असं नको वाटायला."

मामांना हे टोचलं. मग लगेचच, त्यांच्याही नकळत, आनंद झाला. अकरा. आपण लावलेलं आपल्याशिवाय वाढलं, याचा आनंद इतका साधा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी शेडकडे पाहिलं. दारावर त्यांनीच शिवून दिलेलं छत अजून होतं. मधली शिवण हातभर उसवली होती आणि कुणीतरी सुताच्या जाड दोऱ्याने वेडेवाकडे टाके घालून ती धरून ठेवली होती.

"मीच घातलेत टाके," रंगारीण म्हणाली. "तुम्ही एकच शिलाई मारली होती."

मामा छताखाली गेले, मान वर करून शिवणीवरून बोट फिरवलं. एकच होती. सात वर्षांपूर्वीची ती दुपार त्यांना आठवली. गिऱ्हाइकाचं काम दुकानात खोळंबलं होतं, हे आपलंच होतं. दुसरी शिलाई नंतर येऊन मारू, म्हणाले होते. गावात एकही छत त्यांनी असं दिलं नव्हतं.

"दाभण आणलंय," ते म्हणाले.

रंगारणीने सूत वर काढलं, पिळलं, दोरीवर टाकलं. तिला घाई नव्हती.

"वर उद्या धडा तुमचाच असेल," ती म्हणाली.

"हो. पहिला प्रवास."

"आमच्याकडेही तोच. तक्ता एकच आहे ना. आम्ही पाळीपाळीने घेतो, उद्या माझी पाळी." तिने हात फडक्याला पुसले, निळे होते तसेच राहिले. "चार दिवस अडलेय. दगड मारले, तो पडला, उठला, पुढे गेला, इथवर मला सांगता येतं. मग तो परत येतो. त्याला येताना बघून त्या दगड मारणाऱ्या बायाबापड्यांनी काय केलं, ते कुठेच लिहिलेलं नाही."

"नाही लिहिलेलं," मामा म्हणाले. आज सकाळीच तीनदा वाचलं होतं.

"उद्या लोक मला तेच विचारतील."

ती वाकली आणि दोन्ही हातांनी बादली उचलली. मामांचे खांदे आवळले, डोळे मिटले गेले, पण पाय जागचे हलले नाहीत. हौदात पाणी पडल्याचा आवाज आला. त्यांनी डोळे उघडले तेव्हा रंगारीण रिकामी बादली छताखाली आणून, त्या उसवलेल्या शिवणीच्या बरोबर खाली, पालथी घालत होती. तिने फडक्याने बूड पुसलं, हाताने दाबून ती डगमगत नाही ना ते पाहिलं.

"चढा," ती म्हणाली. "मी खालून कापड ताणून धरते. किती वेळ लागेल?"

मामांनी दाभणात दोरा ओवला आणि बादलीवर पाय ठेवला.

"पहिल्या खेपेपेक्षा जास्त," ते म्हणाले.