मोद्रिसचा घोडा

गुन्वाल्दिस समोर येऊन बसला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्सेसिस गावच्या बुद्धिबळ स्पर्धेत नेमकी याच्याशीच गाठ पडावी!

"वेल्टा, आज तरी दमाने खेळ गं," तो हसत म्हणाला.

"तू तुझं बघ."

मी राजापुढचं प्यादं ढकललं, मग घोडा काढला. मेल्याने लगेच राजाकडच्या उंटापुढचं प्यादं पुढे केलं. लाटव्हियन गँबिट. देशाच्या नावाचा डाव, आमच्याकडे तो न खेळलेला माणूस सापडायचा नाही. पण पुढे हत्ती वाऱ्यावर सोडून वजीर थेट राजावर घालायची चाल माझ्या भावाची, मोद्रिसची. तो अंथरुणाला खिळला तेव्हा हा शहाजिऱ्याचं चीज घेऊन यायचा, उशाशी बसून पटावरचं सगळं बघायचा. मोद्रिसला पुरलं आणि महिन्याभरात बुद्धिबळाच्या मासिकात छापून आलं, 'गुन्वाल्दिसची चाल'. भावाचं नाव कुठेच नाही. निर्लज्ज! मला आज याच्यावर विजय नको होता, याच्या तोंडून मोद्रिसचं नाव हवं होतं.

आणि यानं तीच चाल केली. माझ्यावर! कोपऱ्यातला हत्ती सगळे खातात आणि मरतात. मी त्याला हात लावला नाही. घोडा गुपचूप मागे घरी नेला.

गुन्वाल्दिसचं हसू मावळलं. त्याच्या वजिराला परतायला वाटच उरली नव्हती. त्याने हार मानून हात पुढे केला.

मी हात धरला नाही. "आधी सांग, ही चाल कोणाची?"

"अगं, सगळे म्हणतात ना..."

"सगळे गेले खड्ड्यात!"

त्याला पळायचं होतं. पण डाव संपल्यावर दोघांनी बसून तो एकेक चाल करत परत मांडायचा, ही इथली रीत. न मांडता उठणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी पाणीही विचारत नाही. लोक खुर्च्या ओढून बसलेच.

"वेल्टा, घोडा मागे घ्यायचं कसं सुचलं?" कोणीतरी विचारलं.

"मला नाही, मोद्रिसला. शेवटच्या आठवड्यात. म्हणाला, चाल मोडते गं, गुन्वाल्दिसला सांग, नाहीतर बिचारा कुठेतरी खेळेल आणि हरेल. तो गेल्यावर जरा सावरले, तेव्हा मी सांगायला कोट घालून निघाले होते. दारातच पोस्टमन मासिक घेऊन उभा."

गुन्वाल्दिसच्या हातातलं प्यादं खाली पडलं.

"मोद्रिस... असं म्हणाला?"

आलं एकदाचं नाव. माझा राग मात्र तसूभरही उतरला नाही. मी मोहरे डब्यात भरायला लागले.