माझा, माझी आणि मी

मित्रांनो, माझ्यात आता हवा फार वेळ टिकत नाही, तेव्हा पाल्हाळ लावत नाही. मी इंग्लंडातल्या लेस्टरमधला एक जुना फुटबॉल. जालंधरच्या एका घरात ओसरीवर बसून एका बाईनं मला हातानं शिवलं. बत्तीस तुकडे आणि एकही टाका वाकडा नाही, याचा मला अजूनही थोडा ताठा आहे. पुढे मी बेलग्रेव्ह रोडवरच्या एका दुकानात प्रेशर कुकर आणि सुटकेसांच्या मधे लटकत होतो. तिथून मला शशिधरकाकांनी घरी नेलं.

काका हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. नागपूरला शिकताना आपण फुटबॉल गाजवला असं ते सांगायचे, आणि त्यांना खोटं पाडायला तिथलं कुणी लेस्टरमध्ये नव्हतं. त्यांचा मुलगा गंधार ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या, कॉलेजात टीमचा कॅप्टन होता. कॉलेजला कोच परवडत नव्हता, म्हणून रविवारी ड्युटी नसली की काकाच शिट्टी घेऊन कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, मैदानावर उभे राहायचे. सुप्रभाकाकू संत्र्याच्या फोडींना तिखटमीठ लावून डबा द्यायच्या. त्या फोडी खाऊन पोरं दुप्पट पळायची, कारण पाण्याची बाटली मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असायची.

ही दोन हजार पाच सालची गोष्ट. कपच्या पहिल्याच फेरीत आमची गाठ पुन्हा त्याच श्रीमंत शाळेशी पडली. त्यांचं मैदान गालिच्यासारखं, त्यांची स्वतःची बस, आणि आदल्या वर्षी त्यांनी आम्हाला अकरा-शून्यनं धुतलं होतं. त्या अकरापैकी एक गोल तर निव्वळ फसवून झाला. त्यांच्याच एका खेळाडूनं आमच्या आवाजात “लीव्ह इट” म्हणून हाक दिली, आणि गंधारनं भाबडेपणानं बॉल सोडून दिला.

ते अकराच्या अकरा गोल नीलच्या हातांखालून गेले होते. नील आमचा गोलकीपर, मराठी घरातलाच, गंधारचा लहानपणापासूनचा मित्र. त्या दिवसापासून तो गोलमध्ये मुका झाला. खरं तर गोलकीपरनं ओरडायचं असतं, बॉल कुणाचा ते सगळ्यांना सांगायचं असतं. हा तोंड मिटून उभा. या वर्षीही तसंच झालं तर मॅच संपल्यावर ग्लोव्ह्ज तुझ्या हातात देईन आणि पुन्हा खेळणार नाही, असं त्यानं गंधारला सांगून टाकलं होतं. मी तेव्हा त्याच्या मांडीवरच होतो. तो चिडून बोलत नव्हता, अगदी शांतपणे बोलत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

यावर गंधारनं एक युक्ती काढली. मैदानावरच्या सगळ्या हाका मराठीत द्यायच्या, म्हणजे समोरच्यांना नक्कल करता येणार नाही. काकांनी लगेच चार शब्द कागदावर लिहून दिले: माझा, सोड, मागे, डावीकडे. टीममध्ये गुजराती होते, पंजाबी होते, दोन सोमाली भाऊ होते. त्यांनी ते शब्द एका दुपारात घोकून टाकले. ज्यांना मराठी अजिबात येत नव्हतं त्यांना काहीच अडचण नव्हती. ज्याला अर्धवट येत होतं तोच अडला.

उंच बॉल आला की नील बरोबर माझ्याखाली यायचा, हात वर करायचा, तोंड उघडायचा आणि थबकायचा. तेवढ्यात मागून गंधार धडकायचा आणि मी गुपचूप दोघांच्या मधून गोलमध्ये. एका रविवारी असं तीनदा झालं. काकांनी शिट्टी वाजवली आणि नीलला बाजूला घेऊन काय होतंय ते विचारलं.

नील बुटाची माती काढू लागला. मग म्हणाला, “काका, माझा की माझी, आय नेव्हर नो. पुण्याहून आमची लीलावतीआत्या आली होती ना, तेव्हा बाबांना दारात बघून मी म्हटलं, माझी बाबा आली. ती अजून सगळ्यांना सांगते. सगळे हसतात.”

आत्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला मान्य आहे. पण त्या दिवसापासून घरात मराठीत विचारलं तरी हा पोरगा इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचा, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. काकांनी शिट्टी खिशात टाकली. बहुधा तेही त्या हसणाऱ्यांत असावेत.

“अरे, बॉलला कुठे व्याकरण कळतं?” ते म्हणाले. “चुकीचं म्हण. पण मोठ्यानं म्हण.”

मला व्याकरण चांगलं कळतं, पण मी गप्प बसलो.

पुढचा बॉल गंधारनं आभाळात मारला. मी खाली येऊ लागलो आणि नील ओरडला, “माझी!” झाडावरचे कावळे उडाले. गंधार जागच्या जागी थांबला आणि नीलनं मला छातीशी गच्च धरलं. मित्रांनो, मी आयुष्यभर पुल्लिंगी जगलो. पण इतक्या हक्कानं मला तोवर कुणी आपलं म्हटलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

त्या दिवसापासून टीमची हाक “माझी” ठरली. सोमाली भावांनी पाठ केलेलं बरोबर रूप सोडून चुकीचं घोकलं. काकांनी कागदावरचा शब्द खोडून दुरुस्त केला, म्हणजे बिघडवला.

मॅचला मी खेळलो नाही. त्यांचा नवा चकचकीत बॉल होता, मी जाळीच्या पिशवीत रेषेबाहेर. सरावाच्या बॉलच्या नशिबी हेच असतं; वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पहिल्या वीस मिनिटांत आमच्यावर दोन गोल झाले आणि नील पुन्हा गप्प दिसू लागला. मग कोपऱ्यावरून एक उंच बॉल आला. मी पिशवीत श्वास रोखून धरला. “माझी!” आणि बॉल नीलच्या हातांत. नंतर तो थांबलाच नाही, मॅच संपेपर्यंत त्याचा घसा बसला.

आम्ही हरलो, तीन-एक. त्यांच्या कोचनं नीलशी हात मिळवला आणि तो शब्द काय होता ते विचारलं. नील बसलेल्या आवाजात म्हणाला, “इट मीन्स माइन. अँड इट्स राँग.” आणि स्वतःच हसला.

परतीच्या व्हॅनमध्ये गंधारनं ग्लोव्ह्जसाठी हात पुढे केला. नीलनं त्यावर संत्र्याची एक फोड ठेवली.

आता मी नीलच्या आईवडिलांच्या गॅरेजमध्ये असतो. माझे टाके उसवलेत, बाईचा दोष नाही, वय झालं. तुमच्या घरी कोपऱ्यात एखादा जुना बॉल पडला असेल तर त्यात अधूनमधून हवा भरा, एवढं माझ्या जातीसाठी मागतो. आणि एखादं मूल तुम्हाला चुकीच्या शब्दानं हाक मारत असेल तर हसू नका. आधी ओ द्या.