करून दाखवता न येणारं

“इंग्रजीत क्रियापदं दोनच जातीची. एक करण्याची, दुसरी नुसती असण्याची. करून दाखवता आलं तर पहिली, नाही आलं तर दुसरी.” हे सत्य प्रेमानंद सर बावीस वर्षं हुडकेश्वरच्या एका ट्यूशन क्लासमध्ये सांगत आले होते. सत्य टिकलं होतं, कारण कुणी ते तपासलं नव्हतं.

आज मात्र क्लासचा मालक दुर्गेश दाराच्या काचेतून तास बघणार होता. सकाळीच त्यानं बजावलं होतं, “पोरं हलले पायजे, सर. मायबाप व्हिडिओ मागून राहिले. नाहीतर सोमवारपासून तुमचा तास बंद.”

म्हणून सरांनी हुकमी खेळ काढला. चिठ्ठी उचलायची, क्रियापद करून दाखवायचं. करण्यासारखं नसेल तर जागेवर बसायचं. रजतला ‘जंप’ आलं. त्यानं बाक मोडायचा तेवढा बाकी ठेवला. मग रोशनी उठली. सातवीतली, परवाच आलेली. चिठ्ठीत ‘इज’ निघालं. तिनं ते वाचलं आणि ती उभीच राहिली.

“बस ना वं,” सोनिका म्हणाली. “ते करता नाही येत.”

“करूनच राहिली मी,” रोशनी म्हणाली.

रजत हसायला लागला आणि हसू अर्ध्यातच थांबलं. तोंड उघडं राहिलं. पंखा फिरत होता, पण भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान हलत नव्हतं. रोशनी काहीच करत नव्हती. ती होती. इतकी होती, की बाकीच्यांना आपापलं असणं जड झालं. सरांनी खडूचा हात खाली घ्यायचं ठरवलं. हातानं ऐकलं नाही. बावीस वर्षं ते सतत काहीतरी करत आले होते. आता सगळं थांबल्यावर त्यांच्याच आत फार दिवसांपासून बसलेलं कुणीतरी त्यांच्याकडे बघत होतं.

काचेवर टकटक झाली. कुणी वळलं नाही.

मग रोशनीनं चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि ती बसली. कॅलेंडरचं पान फडफडलं. रजतचं हसू पूर्ण झालं.

दुर्गेश आत आला. “दहा मिनिटं झाले, सर! काय करून राहिले होते हे पोरं?”

सरांनी ‘ध्यान’ म्हटलं असतं तर दुर्गेशनं त्याची जाहिरात केली असती.

“काही नाही,” सर म्हणाले. “होते.”

“अन् तुम्ही?”

“मी बी होतो.”

दुर्गेशनं व्हिडिओसाठी काढलेला मोबाइल खिशात टाकला.

सोमवारपासून त्या वेळेला गणित असतं.