टाळ्यांची शाळा

रविवारला सोमवारची सुट्टी जोडून आली की आख्खं गाव अंग सैल सोडतं. पार्मेनियोनं तर शुक्रवारी दुपारीच हार्डवेअरच्या दुकानाचं शटर खाली ओढलं. पन्नाशी आली तरी त्याच्या अंगातलं वारं काही गेलं नव्हतं. या सुट्टीसाठी त्यानं एक झकास खोडी रचली होती.

त्याचा शाळेतला जिगरी दोस्त आब्दोन तीस वर्षांत गावाकडं फिरकला नव्हता. फिरकणार कसा? साऊलच्या बहिणीला, मार्लेनीला, तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी राजधानीत, बोगोताला, पळवून नेलं होतं त्यानं. दिसला की जीव घेणार, असं साऊलनं चर्चच्या पायरीवर उभं राहून गावाला सांगितलं होतं. पार्मेनियोनं आब्दोनला फोन लावला, "बिनधास्त ये. साऊल समुद्राकडं गेला राहायला, कायमचा."

साऊल कुठला जातोय! गावाबाहेर बटाटे काढत होता. त्यालाही निरोप गेला, "रविवारी तेहो खेळायला ये, गंमत दाखवतो."

दोघांना समोरासमोर आणायचं, आब्दोनची विजार ओली झालेली बघायची, मग बियर पाजून दोघांच्या गळ्यात गळे घालायचे. राग कधीच निवला असेल, असा पार्मेनियोचा अंदाज.

रविवारी दुपारी रोसाल्बाबाईच्या तेहोच्या मैदानात निम्मी गर्दी त्यांच्याच शाळेची. तेहो म्हणजे लोखंडाची जड चकती लांबून चिखलाच्या पेटीत फेकायची. चिखलात बारुदाच्या कागदी पुड्या खोचलेल्या. पुडी फुटली की धडाम, आणि धडाम झालं की बियर.

पहिली पुडी फुटली आणि त्या शाळेच्या सगळ्या टकल्या, ढेरपोट्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या.

"अजून तीच सवय?" आब्दोन खदाखदा हसला. "बोगोतात एकदा बसचं टायर फुटलं, मी उभा राहून टाळ्या! मार्लेनी म्हणाली, खाली बस मेल्या, लोक बघतायत."

"पाद्रीबाबांची कृपा," पार्मेनियो म्हणाला.

त्यांची शाळा म्हणजे उंच भिंत, भिंतीवर काचा. आत सुंदर हस्ताक्षर आणि युरोपातल्या नद्या. बाहेर बंदूकवाले माणसं मारत होते. संध्याकाळी जपमाळेच्या वेळी गोळ्या वाजल्या की पाद्रीबाबा हात वर करायचे, "जत्रेचे बाण, मुलांनो! मेरीमातेसाठी टाळ्या!" सगळ्यात जोरात वाजवील त्याला पेरूची वडी. सकाळी गावातून कुणीतरी कमी झालेलं असायचं. कुठं गेला? बोगोताला, पाद्रीबाबा सांगायचे. शिंपी बोगोताला गेला. भूगोलाचे मास्तर गेले. वर्गातल्या साऊलचा बापही गेला. बोगोता भलतंच मोठं असणार, असं पोरांना वाटायचं.

फाटक करकरलं. साऊल आत आला.

"हीच का रे तुझी गंमत, पार्मे?"

"ये ये! बघ तरी, दाजी आलेत तुझे!"

साऊलनं कमरेचं रिव्हॉल्वर काढलं. पार्मेनियोच्या तोंडावरचं हसू तिथंच वाळलं. राग निवला नव्हता. त्याला नुसतं तेल घालून ठेवलं होतं.

"साऊल, नको..." आब्दोन मागं सरकला.

गोळी सुटली. आब्दोनच्या कानाची पाळी उडाली, मानेवरून रक्त शर्टात शिरलं. आणि निम्म्या मैदानानं कडाडून टाळ्या वाजवल्या. साऊलनंसुद्धा! रिव्हॉल्वर निसटून चिखलात पडलं.

पार्मेनियोनं त्यावर झेप घेतली. साऊलनं हाताशी आलेली चकती उचलून त्याच्या जबड्यावर हाणली. दात खडखडले, दोन बाहेर आले. आब्दोननं बियरची बाटली साऊलच्या डोक्यावर फोडली. काचा, फेस, रक्त. तरी साऊल पडला नाही. त्यानं आब्दोनला कवेत घेतलं, दोघं धप्पकन पेटीत कोसळले. साऊल त्याच्या छातीवर बसला आणि दोन्ही अंगठे गळ्यात रुतवले. ओढायला गेलेल्या दोघांना त्यानं कोपरानं लोळवलं. आब्दोनच्या टाचा चिखल खरवडत होत्या. मग टाचाही मंदावल्या.

बोलावलं कुणी? मी. पार्मेनियोनं रक्ताची गुळणी थुंकली. साऊलच्या गुडघ्याजवळ एक पुडी अजून शाबूत होती. त्यानं चकती उचलली, जन्मात धरला नसेल असा नेम धरला आणि फेकली.

धडाम!

साऊलचे हात गळ्यावरून सुटले, वर आले. एक टाळी. दुसरी.

आब्दोन कुशीवर वळला, फाटक्या भात्यासारखा श्वास ओढू लागला. साऊल आपल्या तळव्यांकडं बघत राहिला. चिखल कुठला, रक्त कुठलं, कळत नव्हतं.

"पार्मे," तो म्हणाला, "बाबा गेले त्या संध्याकाळी... मीपण वाजवल्या?"

पार्मेनियो उभ्या गावाला थापा मारत आला होता. आत्ता एकही सुचेना.

"सगळ्यात जोरात. वडी तुलाच मिळाली."

"अर्धी तुला दिलेली."

"खाल्ली मी."

आब्दोन कान दाबून उठून बसला. आवाज घोगरा झालेला. "मार्लेनी माझ्यासाठी नव्हती रे आली, साऊल. बाबा बोगोतात आहेत म्हणून आली. आम्ही वर्षभर शोधलं त्यांना. बाजार, बसस्टँड, दवाखाने. रोज मीच म्हणायचो, उद्या भेटतील. मलाही तसंच वाटायचं."

चिखलातलं रिव्हॉल्वर साऊलपासून हाताच्या अंतरावर होतं. त्यानं ते उचललं. त्यानं एकेक गोळी काढून चिखलात अंगठ्यानं खोल दाबली आणि रिव्हॉल्वर रोसाल्बाबाईच्या बियरच्या पिंपात टाकलं.

मग पार्मेनियोसमोर येऊन त्यानं त्याच्या नाकावर असा ठोसा हाणला की हाड मोडल्याचं फाटकापर्यंत ऐकू गेलं.

"हे तुझ्या गमतीबद्दल."

"बरोबर आहे," पार्मेनियो आडवा पडल्या पडल्या म्हणाला.

साऊलनं आब्दोनच्या काखेत हात घातला. "चला दाजी, कानाला टाके घालू. आणि मग मार्लेनीला फोन लावा. बाबांचं मी सांगतो तिला."