व्हिएन्नातली लिंबं

सगळा दोष माझ्या जिभेचा. ती पुढे धावते आणि मी मागून चपला शोधत बसते.

झालं असं, की मे महिन्यात आमच्या ओर्नेल्लाचं लग्न ठरलं आणि विहीणबाई आमच्या नशिबी आल्या. दोन्ना क्लोतिल्दे, दोन्ना म्हणजे आमच्याकडचं बाईसाहेब. बाई दिसायला ठेंगणी, पण बोलायला लागली की समोरचाच ठेंगणा होतो. तिच्याकडे पहिल्या जेवणाला गेलो, तर पास्ता ताटात पडायच्या आत तिनं दोनदा व्हिएन्ना काढलं. बत्तीस वर्षांपूर्वी नवराबायको हनिमूनला व्हिएन्नाला गेले होते म्हणे. कॉफी आली की व्हिएन्नातली कॉफी, पाऊस पडला की व्हिएन्नातला पाऊस. नवरा, फेर्दिनान्दो, शेजारी बसून पाव कुस्करत होता. त्या माणसाला आवाज आहे की नाही, मला शंकाच होती.

मग ती माझ्या लेकीकडे वळून साखरेच्या आवाजात म्हणाली, "तुझ्या आईबापांनी नेपल्स सोडून काही पाहिलं नाही ना गं? असू दे. आमच्या घरात आलीस की जग कसं असतं ते आम्ही शिकवू हो तुला."

ओर्नेल्लाचं तोंड एवढंसं झालं. लग्नानंतर पोर ह्याच बाईच्या खालच्या मजल्यावर राहणार. उठलं की जिन्यात गाठ. आज मी हे गिळलं तर तिला जन्मभर गिळावं लागेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं आणि मी बोलून गेले, "ऑगस्टमध्ये आम्ही दोघं व्हिएन्नालाच चाललोय."

माझ्या नवऱ्याला, अनिएल्लोला, असा ठसका लागला की फेर्दिनान्दोला त्याच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

आता जाणार कुठून? लग्नाच्या हॉलनं आमचा खिसा आधीच झाडून घेतला होता. पण ऑगस्टात सगळं गाव सुट्टीवर जातं, तेव्हा आमच्याकडे घरी दिसणं म्हणजे नाक कापून घेणं. ज्याला जमतं तो समुद्रावर जातो. ज्याला जमत नाही तो कांदे-टोमॅटो भरून ठेवतो, खिडक्यांच्या लाकडी झडपा ओढून घेतो आणि पंधरा दिवस घरातल्या घरात डोंगरावर जाऊन येतो. आमच्या निम्म्या गल्लीनं हे केलंय. कोणी कोणाला विचारत नाही.

ओर्नेल्लालाही खरं न सांगता आम्ही भरलेल्या बॅगा घेऊन सगळ्या गल्लीदेखत निघालो. बायकांनी गालाचे मुके घेतले, हात हलवले. दोन बस बदलून आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला माझ्या भावाच्या रिकाम्या घरात शिरलो. तो खरोखरच समुद्रावर गेला होता आणि कुंड्यांना पाणी घालायला चावी माझ्याकडे होती.

दोन दिवस अंधारात काढले. दिवा नाही, रेडिओ नाही, नळसुद्धा बारीक. तिसऱ्या दिवशी सकाळी अनिएल्लो बनियनवर जमिनीवर आडवा पडून म्हणाला, "हे कसलं व्हिएन्ना गं? तुरुंगात निदान अंगणात तरी फिरवतात."

"हळू बोल, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. आणि परत गेल्यावर तिला सांगशील काय? ती बाई जाऊन आलीय तिथं."

"पुस्तकात बघून सांगेन."

"एर्मीनिया, मी एकतीस वर्षं बस चालवलीय. बिनतिकीट माणूस मला आरशातून कळायचा. तो खिडकीबाहेर बघत नाही, माझ्याकडे बघतो. तू तशीच बघशील तिच्याकडे." मग तो उठून बसला. "काहीतरी डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे. इथलंच बघू या. चर्च ते चर्च, राजवाडा तो राजवाडा. सांगताना गावाचं नाव बदलायचं, बस."

मला त्या माणसाचं डोकं कधीकधी आवडतं. त्यानं माझ्या भावाची अर्धी चड्डी चढवली आणि सँडलमध्ये पांढरे मोजे घातले. नेपल्समध्ये सँडलमध्ये मोजे घातले की माणूस परदेशी ठरतो आणि अदृश्य होतो. चेहऱ्याकडे कोणी बघत नाही, फक्त खिशाकडे. मी एक गवती टोपी घातली आणि नकाशा उलटा धरला.

अशी आमची, वयाच्या साठीत, स्वतःच्या गावाशी ओळख सुरू झाली. मी ज्या चर्चच्या पायरीवर लहानपणी शेंगदाणे खाल्ले, त्याच्या आत छताला एवढे देवदूत टांगलेले आहेत हे मला ठाऊक नव्हतं. मी मान मोडेपर्यंत बघितलं आणि मनात म्हटलं, "व्हिएन्ना, पहिलं चर्च." अनिएल्लो राजवाड्याच्या जिन्यात उभा राहून म्हणाला, "ह्याच्यासमोर मी रोज हॉर्न वाजवायचो. आत असा जिना आहे हे एका प्रवाशानं सांगितलं नाही मला. नालायक."

खरी परीक्षा खानावळीत झाली. अनिएल्लोनं सवयीनं पावाच्या तुकड्यानं ताट पुसून लखलखीत केलं. वेटरचे डोळे बारीक झाले. "साहेब इथलेच वाटतं?" म्हणाला. अनिएल्लोनं माझ्याकडे एकदा बघितलं, छातीवर क्रूस केला आणि बोट वर करून म्हणाला, "कापुच्चिनो."

दुपारी अडीच वाजता! भरल्या पोटावर दुधाची कॉफी! आमच्याकडे तापात बरळणारा माणूससुद्धा असलं काही मागत नाही. वेटरनं सुटकेचा निःश्वास टाकला, म्हणजे परदेशीच. अनिएल्लोनं तो कप डोळे मिटून, औषधासारखा प्यायला. लेकीसाठी बाप काय काय करतो! मग वेटरनं आम्हाला परवाचा केक ताजा म्हणून आणून दिला. मी, जिनं ह्याच गल्ल्यांत तीन कोळ्यांना आणि एका पाद्र्याला रडवलंय, ती मी गोड हसून मान डोलावत तो केक खाल्ला. आतल्या आत त्या वेटरच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. दोन दिवस माझं पोट त्या न बोलण्यानंच दुखत होतं, केकनं नव्हे.

पाचव्या दिवशी अनिएल्लो मला एका भिंतीपाशी घेऊन गेला. उंच, पिवळी, पोपडे आलेली भिंत. "ही भिंत मी तुझ्यापेक्षा जास्त वेळा बघितलीय," तो म्हणाला. "माझा बसस्टॉप इथंच. दिवसातून अकरा वेळा थांबायचो. आत काय आहे, देव जाणे."

लहानसं दार होतं, घंटेची दोरी होती. ओढली. एका म्हाताऱ्या ननने कुरकुरत दार उघडलं. आत अंगण. मधे विहीर, चारी बाजूंनी लिंबाची झाडं पिवळीधमक लगडलेली आणि रंगवलेल्या फरशांचे बाक. कुठं नाचणारी माणसं, कुठं जहाजं, कुठं शिकारी. बाहेरच्या रहदारीचा आवाज जणू कोणी दाराशीच ठेवून घेतला होता.

आम्ही बसलो. अनिएल्लोनं मान वर करून लिंबांकडे बघितलं. मग म्हणाला, "एकतीस वर्षं. एकदा इंजिन बंद करून उतरलो असतो तर."

मला रडू आलं. विहीण गेली खड्ड्यात, असं खरंच वाटलं. त्याचा हात धरला. त्यानं हळूच एका लिंबाला हात लावला, तर ती नन विहिरीपलीकडून अशी खेकसली की आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे पळालो.

परत आल्यावर रविवारी विहीणबाईंकडे जेवण. ओर्नेल्ला आणि होणारा जावई फाब्रीत्सियो समोर बसले. फेर्दिनान्दो पाव कुस्करत होता. क्लोतिल्देनं हात पुसले आणि पुढे सरकली. "हं, सांगा आता. काय काय बघितलंत आमच्या व्हिएन्नात?"

मी सुरू केलं. देवदूतांचं छत, जिना. ती मान डोलावत होती. ओर्नेल्ला माझ्याकडे कौतुकानं बघत होती आणि ते कौतुक मला चढत गेलं, तिथंच घात झाला. "आणि एक मठ आहे," मी म्हणाले, "आत लिंबंच लिंबं, झाडं नुसती वाकलेली…"

टेबलाखालून अनिएल्लोची लाथ बसली. लिंबं! व्हिएन्नात! जिथं बर्फ पडतं! झालं, म्हटलं, पोरीचं आयुष्य मी एका लिंबापायी नासवलं.

क्लोतिल्दे म्हणाली, "हो तर! लिंबं! अगदी डोळ्यांसमोर आलं. हनिमूनला आम्ही तासन्‌तास बसायचो तिथं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. आणि मग फेर्दिनान्दो बोलला. पाव खाली ठेवून, हळूच. "तिसऱ्या बाकावर एक कोळी रंगवलाय. त्याची टोपी पाण्यात पडलीय आणि मासा ती घेऊन चाललाय."

कोळ्याबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. पण तो कोळी त्या बाकावर खरंच आहे, मी बघितलाय. मासाही आहे.

ताटं उचलायच्या निमित्तानं मी क्लोतिल्देच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि दार लावलं. "दोन्ना क्लोतिल्दे, तो मठ बसस्टॉपच्या मागे आहे."

तिनं नळ सोडला. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "सासूबाईंनी सगळ्या गल्लीत व्हिएन्ना सांगून टाकलं होतं. अकरा दिवस मावशीच्या घरात झडपा लावून बसलो. एकदाच बाहेर पडलो, तिथं गेलो."

"आणि बत्तीस वर्षं…"

"एकदा सांगितलं की सांगतच राहावं लागतं हो." तिनं वळून माझं मनगट धरलं. "पोरांना कळता कामा नये. माझी शपथ आहे तुम्हाला."

खरं सांगते, मला त्या क्षणी ती आवडली. मी म्हटलं, "ती नन अजून खेकसते." दोघी हसलो. फळं घेऊन बाहेर आलो तेव्हा वाटत होतं, सुटले, पोर सुखात राहील.

बाहेर फाब्रीत्सियो उभाच होता. "आमचं ठरलं! हनिमूनला व्हिएन्ना. तुमचं ऐकून राहवेना. आजच तिकिटं काढतो."

ओर्नेल्लानं वही काढली होती. "मम्मा, त्या मठाचं नाव सांग ना. त्याच बाकावर बसून फोटो काढणार आम्ही आणि चौघांना पाठवणार."

मी क्लोतिल्देकडे बघितलं. ती द्राक्षं निवडायला लागली. "मला आता नाव कुठलं आठवायला," ती म्हणाली. "तुझ्या आईला विचार. ताज्या ताज्या जाऊन आल्यात."

ओर्नेल्ला पेन धरून माझ्याकडे बघत होती. लग्नानंतरचे पहिले दिवस, परकं गाव, आणि माझी पोर बर्फातून लिंबाचं झाड शोधत, लोकांना विचारत फिरणार. सगळे हसणार तिला. माझ्याच्यानं ते होईना.

"ओर्नेल्ला, आम्ही व्हिएन्नाला गेलोच नाही," मी म्हणाले. "मामाच्या घरात होतो. मी खोटं बोलले. सगळं इथलंच आहे, नेपल्सचं."

विहिणीचं नाव घेतलं नाही. शपथ होती.

अनिएल्लोनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि क्लोतिल्देनं एक द्राक्ष तोंडात टाकलं, जिभेनं चुक्‌ केलं आणि म्हणाली, "मला पहिल्यापासून संशय होता. व्हिएन्नात कुठली आलीत लिंबं? बर्फ पडतं तिथं! पण म्हटलं, जाऊ दे, गरिबांची हौस."

ओर्नेल्लाची मान खाली गेली. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, देवाची शपथ, नुसतं ओठ उघडायचा अवकाश.

"क्लोतिल्दे," फेर्दिनान्दो म्हणाला. "तू सांगतेस की मी सांगू?"

"काय सांगायचंय? गप्प बस, काडीचं कळत नाही तुला."

"ऑगस्ट महिना होता," तो मुलाकडे वळून म्हणाला. "तुझ्या आजीनं गल्लीत सांगितलं, व्हिएन्ना. आम्ही मावशीच्या घरी अंधारात. आठव्या दिवशी ही रडायला लागली. मग मी हिला त्या मठात घेऊन गेलो. तिसऱ्या बाकावर बसलो. ही म्हणाली, ह्यापेक्षा व्हिएन्ना काय चांगलं असणार? माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस, आणि बत्तीस वर्षं हिनं मला तो परक्या गावात नेऊन ठेवायला लावला."

क्लोतिल्दे टेबलावर दोन्ही हात टेकून बसली होती. एवढीशी बाई, खरोखर एवढीशी दिसत होती. मला हसू यायला हवं होतं. तीन महिने मी ह्याच घडीची स्वप्नं बघितली होती.

ओर्नेल्ला उठली. मला वाटलं, माझ्याकडे येतेय. मी हातसुद्धा पुढे केला. ती टेबलाला वळसा घालून क्लोतिल्देपाशी गेली, पेला भरला, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मम्मा, पाणी प्या आधी."

तिला मम्मा म्हणाली. क्लोतिल्देनं तिचा हात दोन्ही हातांनी धरला आणि सोडेच ना. आता त्या घरात माझ्या पोरीला कोणी टाकून बोलणार नाही, हे मला तिथंच कळलं. एवढ्यासाठीच तर मी सगळा खटाटोप केला होता. मी हात मागे घेतला आणि ताटं गोळा करायला लागले.